शर्टातलं मांजर

नास्तितीला मांजर हवं होतं असं नाही. नको होतं असंही नाही. जात्मिको, तिचा नवरा, गेल्यापासून बहुतेक गोष्टींचं असंच झालं होतं. हवं आणि नको यांच्यामध्ये एक रुंद, सपाट जागा तयार झाली होती आणि ती बहुतेक वेळ तिथेच असायची.

पिल्लू हवं होतं ते एंदाहला. दोघी जावातल्या सालातिगा शहराच्या बाहेर केचापच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत शेजारी शेजारी काम करायच्या. सोयाबीनच्या त्या गोड काळ्या रसात मीठ किती, प्रथिनं किती, रंग कितपत गडद, एखाद्या हौदाला करपट वास तर येत नाही ना, हे बघायचं. शनिवारी अर्धा दिवस संपल्यावर एंदाह म्हणाली की डोंगराकडच्या आश्रयघरात पिल्लू बघायला जाऊ, तू काही बोलूही नकोस, नुसती मागे बस. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. स्कूटरवर बसायला काहीच द्यावं लागत नव्हतं. ती बसली.

जुन्या कोंबडीखान्याला नवीन जाळ्या मारून आश्रयघर केलेलं होतं. पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी शाळकरी मुली, एक नवं जोडपं आणि एंदाह अशी गर्दी झाली होती. नास्तिती आपली जिथे कुणी नव्हतं तिथे जाऊन उभी राहिली. आपण शेवटच्या पिंजऱ्यासमोर आहोत हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

आत राखाडी पट्ट्यांची एक थोराड मांजरी पुढचे पाय पोटाखाली दुमडून बसली होती. शेपटीचं टोक, इकडच्या मांजरांचं असतं तसं, गाठ मारल्यासारखं वाकडं. एक सुळा नव्हता. तिनं नास्तितीकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. दोन्हींत तिला फारसा फरक वाटला नसावा.

पिंजऱ्याशेजारी उलट्या खोक्यावर झाडूवाले ङादी काका लवंगेची सिगारेट ओढत बसले होते. लवंग, धूर, ओला भुसा, मांजराचं मूत, अशी नास्तितीच्या नाकानं आपोआप नोंद केली. नाक तिचं कारखान्यात तयार झालेलं होतं. जात्मिको गेल्यावरही ते पूर्वीसारखंच चोख चालत होतं. फक्त त्यानं कळवलेलं पुढे कुठे पोचत नव्हतं.

"ही बू लुराह," मागून कुणीतरी म्हणालं. आश्रयघर चालवणारी वेनिंग होती. बाह्या दुमडलेल्या, हातात बादली. "म्हणजे सरपंचबाई. आधीच्या मालकानं ठेवलेलं नाव. बसणं बघा ना ताई, गावसभा भरलीय आणि हिला सगळ्यांचे अर्ज फेटाळायचेत."

वेनिंगनं बादली खाली ठेवून सगळी हकीकत सांगितली. मालक म्हणजे बसस्टँडवर तिकिटं फाडून निवृत्त झालेले एक एकटे म्हातारे. मांजरी पिल्लू असताना त्यांच्याकडे आली ती अकरा वर्षांची होईपर्यंत तिथेच होती. ते वारल्यावर सुरबायातल्या मुलांनी घर बंद केलं आणि शेजारणीनं हिला इथे आणून सोडलं. तेव्हापासून दोन घरांनी नेली आणि दोन्ही घरांनी परत आणली, कारण एकच. दुसऱ्याच्या घरी गेली की ही तोंड शिवून बसते, कणभरही खात नाही. इथे खाते, पण तेही आपल्या लहरीनं.

"न खाता किती दिवस चालतं?" नास्तितीनं विचारलं. ओघात संख्या आली की पुढचा प्रश्न तिच्या तोंडून आपसूक निघायचा.

वेनिंग खूश झाली. हे कुणी विचारत नाही, म्हणाली. माणूस उपाशी राहिला तर बारीक होतो. मांजराची चरबी यकृताकडे धावते आणि यकृत त्या चरबीतच बुडतं. म्हाताऱ्या मांजराला तर दोन दिवससुद्धा फार. म्हणून तिचा नियम होता, आज नेलं तर सोमवारी संध्याकाळी ती स्वतः घरी येऊन बघणार. खात असेल तर मांजर तुमचं. नसेल तर तिथल्या तिथे परत.

"आणि मग मी हिला कुणालाच देणार नाही," वेनिंग म्हणाली. "तिसऱ्यांदा नापास होऊन आलेली मलाच बघवणार नाही. राहील बिचारी या पिंजऱ्यात."

तिनं बादली उचलली. नास्तितीनं जायला हवं होतं, पण जायचं तर पिल्लांकडच्या गर्दीत जावं लागलं असतं.

"मग नेताय का?"

"हो," नास्तिती म्हणाली. आपणच हे म्हणालो हे तिला ऐकू आलं.

न्यायच्या पेटीत घालायला घरातलं, अंगावर वापरलेलं, न धुतलेलं कापड लागतं, असं वेनिंगनं सांगितलं. मांजराला आधी वासानं घर कळतं, डोळ्यांनी नंतर. नास्तितीनं अंगातलं स्वेटर काढून दिलं. पिल्लं सगळी आधीच बोलून ठेवलेली निघाली, म्हणून एंदाह रिकाम्या हातानं स्कूटरपाशी आली आणि पेटीत डोकावून म्हणाली, "बघा, पिल्लू न्यायला मी आले, आणि ही आजी घेऊन चाललीय."

*

घरी सासू होती. सुकेसी तिचं नाव, पण गल्लीतले सगळे तिला इबू, म्हणजे आईच, म्हणायचे, नास्तितीही. एका डोळ्यात मोतीबिंदू, पाठीत पोक, आणि हात दिवसभर ओले. इबूनं पेटीची जाळी वर करून आत पाहिलं.

"घरात एक म्हातारी पुरत नव्हती का, पोरी?"

"सोमवारपर्यंतच आहे, इबू. नाही खाल्लं तर परत नेणार आहेत."

"त्याआधीच जाईल ती. डोळे बघ तिचे. वाट बघणारे डोळे आहेत." इबूनं जाळी खाली सोडली. मांजराला घरात घेण्यावर तिचा आक्षेप नव्हता, नमाजाच्या चटईवर झोपलं तरी मांजराला उठवू नये असं ती स्वतःच सांगायची. तिचं म्हणणं एवढंच होतं की मरणाच्या दारात असलेलं जनावर या घरात इतक्यात नको होतं.

जात्मिको सेमारांग ते सोलो प्रवासी व्हॅन चालवायचा. दुपारच्या फेरीआधी, व्हॅन उभी असताना, स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला तो उठलाच नाही. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली होती, असं डॉक्टर म्हणाले. नास्तितीला ते वाक्य पुरेसं वाटलं. कारण होतं, परिणाम होता, मध्ये काही गाळलेलं नव्हतं. इबूला मात्र ते पुरलं नाही. तिचा नवराही ड्रायव्हरच होता. गाडीखाली मांजर आलं तर थांबायचं, अंगातला शर्ट काढून त्यात ते गुंडाळायचं आणि तिथेच रस्त्याकडेला पुरून मग पुढे जायचं, हे जावातल्या ड्रायव्हरला कुणी शिकवत नाही. ते त्याला येतच असतं. जो थांबत नाही त्याच्यामागे त्या मांजराचं मरण लागतं. शंभराव्या दिवसाच्या प्रार्थनेला जात्मिकोचे सोबती आले तेव्हा इबू एकेकाच्या ताटात भात वाढता वाढता हळूच विचारत होती की त्यानं कधी मांजराला उडवलं होतं का, न थांबता गेला होता का. कुणाला काही माहीत नव्हतं. नास्तितीनं स्वयंपाकघरातून ते ऐकलं होतं. प्रश्न तिला विचारलेला नव्हता, म्हणून तिनं उत्तर दिलं नव्हतं.

इबूनं तिच्या पद्धतीनं दुःख केलं, म्हणजे धुतलं. सातव्या दिवसापर्यंत जात्मिकोचे सगळे कपडे, चादरी, पडदे, त्याच्या उशीचा अभ्रा, सगळं उकळत्या पाण्यात घालून, वाळवून, घड्या करून तिनं वाटून टाकलं. फरशीवर देवदाराच्या वासाचं फिनेल इतकं फिरवलं की घराला आता दवाखान्याचा वास येत होता. एकच कपडा तिच्या हाती लागला नव्हता. कंपनीचा खाकी शर्ट, जो त्या दुपारी जात्मिकोच्या अंगात होता. हॉस्पिटलातून तो नास्तितीच्या हातात आला होता आणि तिनं तो कारखान्यातल्या नमुन्यांच्या पिशवीत, पट्टी दाबून बंद होणाऱ्या जाड प्लॅस्टिकमध्ये, हवा काढून घातला होता. कपाटात जुन्या पुस्तकांमागे.

वास म्हणजे कण. पिशवी उघडली की थोडे उडून जातात आणि परत येत नाहीत. म्हणून ती क्वचितच उघडायची. उघडली की लवंगेचा धूर, घाम, व्हॅनच्या सीटचं रेक्झिन, खांद्यापाशी मलमाचा कापूर, हे सगळं जागच्या जागी असायचं. ती वाट बघायची. काही होत नसे. मग ती पट्टी दाबून बंद करायची. आज नाही, पण कधीतरी होईल तेव्हा नमुना शाबूत असायला हवा, एवढंच तिनं ठरवलं होतं.

*

रविवारभर लुराहबाईंनी काही खाल्लं नाही. नास्तितीनं खोलीतल्या पलंगाखाली एक खोकं आडवं ठेवून त्यात स्वेटर अंथरलं होतं. मांजरी त्यात भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. बांबूच्या टोपलीत उकडलेले खारे मासे कुस्करून भातात कालवून दिले. नुसते मासे दिले. कोमट करून दिले. बोटाला लावून ओठांना लावले, तर तिनं ते चाटलंही नाही. ओठांवर मासा तसाच ठेवून ती बसून राहिली. नास्तितीला ते ओळखीचं वाटलं. शंभराव्या दिवशी कुणीतरी तिच्या हातात ताट दिलं होतं आणि नंतर कुणीतरी ते तसंच परत नेलं होतं.

तिसऱ्यांदा मासे कोमट करताना आपण तिसऱ्यांदा मासे कोमट करतोय, हे तिच्या ध्यानात आलं. गॅससमोर उभी राहून तिनं नीट विचार केला. पहिल्या दोन घरी खाल्लं नाही. पहिल्या मालकाकडे अकरा वर्षं खाल्लं. आश्रयघरात खाते, पण लहरीनं. लहर कशावर अवलंबून आहे? तिनं वेनिंगला फोन करून दोनच प्रश्न विचारले. ते म्हातारे कुठली सिगारेट ओढायचे? लवंगेची, वेनिंग म्हणाली, शेजारीण सांगत होती की चिमणीसारखे ओढायचे. आणि ङादी काका रोज असतात का? नाही, एक दिवसाआड. "अय्या," वेनिंग म्हणाली, "ते येतात त्याच दिवशी खाते की ही. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही हो."

नास्तिती कोपऱ्यावरच्या टपरीवर गेली आणि लवंगेची सिगारेट घेऊन आली. जाळली तर इबूला कळलं असतं, म्हणून आधी तंबाखू सोडून खोक्यात पसरली. मांजरी शिंकली. मग मागच्या अंगणात, इबू झोपलेली असताना, सिगारेट पेटवून धूर एका टॉवेलात धरला आणि टॉवेल खोक्यात ठेवला. मांजरी उठली, टॉवेल हुंगला, पुन्हा हुंगला, आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

म्हणजे नुसता धूर पुरत नव्हता. धूर वर्षानुवर्षं एखाद्या माणसाच्या अंगात मुरतो आणि घामासोबत कपड्यात उतरतो तेव्हा त्याचं वेगळं काहीतरी होतं. ते टॉवेलात एका दुपारी तयार होत नाही. तसा नमुना घरात एकच होता.

तिनं त्या दिवशी कपाट उघडलं नाही.

सोमवारी पहाटे बांग झाल्यावर इबू वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, गेली. नास्तितीनं पलंगाखाली वाकून मांजरीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर बसली नाही, हळू परतली. अंगातलं पाणी कमी होत चाललं होतं. नास्तिती उठली, पुस्तकं बाजूला केली, पिशवीची पट्टी उघडली.

तिला वाटलं होतं की शर्ट बाहेर काढताना तरी काहीतरी होईल. गळ्याशी आवंढा, हात थरथरणं, काहीही. हात अगदी स्थिर होते. तिनं एकदा शर्टाला नाक लावलं, कारण यापुढे त्यात मांजर मिसळणार होतं आणि नमुना संपणार होता. सगळं जागच्या जागी होतं. मग तिनं शर्ट खोक्यात घातला, बाह्या मांजरीच्या अंगावरून घेतल्या, माशांची बशी शेजारी सरकवली आणि कारखान्यात गेली.

दिवसभर तिनं मीठ मोजलं. एंदाहनं विचारलं की आजीबाई कशा आहेत, तर ती म्हणाली, संध्याकाळी कळेल.

*

घरी परतली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पुढचं दार उघडं, घरात कुणी नाही. मागच्या अंगणातून धप्, धप् असा आवाज येत होता. पेरूच्या झाडाखाली इबू कुदळीनं खणत होती. लुंगीचा सोगा वर खोचलेला, डोक्यावरचा स्कार्फ खांद्यावर आलेला. प्रत्येक घावाबरोबर ओठांत प्रार्थना चालू होती. खड्डा लहान होता. मांजराच्या मापाचा.

नास्तिती पायरीवर उभी राहिली. माती वर लाल होती आणि खाली काळपट, ओलसर. एक गांडूळ दोन तुकडे होऊन वळवळत होतं. हे सगळं तिला फार स्पष्ट दिसलं. आता येईल, असं तिला वाटलं, जे इतके दिवस आलं नाही ते आता येईल. काही आलं नाही.

"बरं केलंस तू," इबू मागे न बघता म्हणाली. "मी काही म्हणणार नाही. शर्ट कुठून आला तेही आत्ता विचारणार नाही. त्याच्याच शर्टात गुंडाळलंस, हे बरं केलंस. त्यानं ज्याला पुरलं नाही त्याच्या बदल्यात हे पुरू. फिटलं म्हणायचं."

"कधी गेली?"

"मला काय ठाऊक? दुपारी झाडायला गेले तर तशीच. हाक मारली, हूं नाही की चूं नाही. तूच तर गुंडाळून गेलीस." इबूनं कुदळ टेकवली. "आण तिला. अंधार पडायच्या आत उरकू."

नास्तिती आत गेली. खोलीत पडदे ओढलेले होते. ती पलंगापाशी गुडघ्यांवर बसली आणि खोक्यात हात घातला. खाकी कापड गरम होतं. एक बाही हलली, तिच्यातून वाकडी शेपटी निघाली, मग डोकं. लुराहबाईंनी झोपेतून उठवल्याबद्दल तिच्याकडे अत्यंत नाराजीनं पाहिलं आणि जांभई दिली. तोंडाला माशाचा वास येत होता.

बशी नव्हती. ती मोरीत धुऊन पालथी घातलेली तिला नंतर दिसली.

रडू नव्हतं; छातीत काही नव्हतं. ती पलंगाला टेकून तशीच फरशीवर बसून राहिली आणि थोड्या वेळानं इबू, मातीचे हात लुंगीला पुसत, तिला बघायला आत आली.

"जिवंत आहे," नास्तिती म्हणाली.

इबूनं वाकून आपला चांगला डोळा खोक्याकडे केला. मांजरीनंही तिच्याकडे पाहिलं.

"मग मी हाक मारली तेव्हा बोलली का नाही?"

"झोपली असेल. खाल्लंय तिनं, इबू. बशी रिकामी नव्हती का?"

"मला वाटलं तू टाकून दिलंस." इबू पलंगाच्या कडेवर बसली. बाहेर कुणाची तरी कोंबडी खड्ड्यातलं गांडूळ घेऊन पळाली. मग इबूनं विचारलं, "मेली नाही तर शर्टात कशाला घातलीस? जिवंत मांजराला ड्रायव्हरच्या शर्टात कुणी घालतं का?"

नास्तितीनं सांगितलं. म्हातारे मालक, लवंगेचा धूर, ङादी काका, टॉवेल. इबू ऐकत होती, पण तिचे डोळे शर्टावरच होते.

"हा मी हॉस्पिटलात मागितला होता," ती म्हणाली. "ते म्हणाले, दिला."

"मी लपवला होता."

"का?"

"तुम्ही धुतला असता."

इबूनं विचार केला. "धुतलाच असता," ती म्हणाली.

मांजरीनं एक पाय शर्टाबाहेर काढून चाटायला घेतला. इबूनं हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. जे ती ताटं वाढताना सगळ्यांना विचारत फिरली होती ते तिनं आता खाली बघत विचारलं.

"पोरी, त्यानं कधी उडवलं होतं का गं मांजर? तुला सांगितलं असेल. बायकोला सांगतात. मला नाही सांगितलं."

"हो," नास्तिती म्हणाली. "एकदा."

इबूनं मान वर केली.

"आमचं लग्न झालं त्या वर्षी. तुम्हाला आठवतं का, लेबारानच्या ईदेला मी त्याला बाटिकचा शर्ट शिवला होता? निळा. आपण सगळे म्हणालो, कुठे गेला तो शर्ट."

"तू म्हणालीस, सोलोच्या लॉजवर विसरला."

"विसरला नव्हता. बोयोलालीच्या अलीकडे एक पिवळं मांजर आडवं आलं. त्यानं व्हॅन थांबवली. आत प्रवासी भरलेले, एका बाईची गाडी चुकत होती, ती शिव्या देत होती. त्यानं तिथेच नवा शर्ट काढला. पाना घेऊन खड्डा खणला म्हणे, दुसरं काही नव्हतं. आणि सोलोपर्यंत उघड्या अंगानं गाडी चालवत गेला."

"पान्यानं?"

"पान्यानं. घरी आला तर पोटाला सीटबेल्टचा नुसता वळ. मी चिडले. म्हटलं, सीटखाली जुनं फडकं होतं ना. तर म्हणाला, फडकं चालत नाही, अंगातलाच लागतो, मी इबूचा मुलगा आहे." हे वाक्य तिनं इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं होतं, एवढंच. "लोक हसतील म्हणून मी लॉजचं सांगितलं."

इबूनं स्कार्फ डोक्यावर नीट घेतला. मग ती हळूहळू, गुडघे धरत, पलंगावरून खाली उतरली, दोन्ही हात फरशीला टेकले आणि चार पायांवर खोक्यापाशी गेली. मांजरी बाजूला झाली नाही. इबूनं तिच्या शेजारून डोकं आत घातलं आणि शर्टाच्या कॉलरला नाक लावलं. तिथे ती बराच वेळ राहिली. पोक आलेली पाठ वर-खाली होत होती.

डोकं बाहेर काढलं तेव्हा तिच्या भुवईला मांजराचा केस चिकटला होता.

"लबाड कुठला," ती म्हणाली. "मला म्हणाला होता, सिगारेट सोडली."

"मलाही तेच म्हणाला होता."

"आणि तुला कळलं नाही? एवढं तुझं नाक?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं."

इबूनं तिच्याकडे पाहिलं. नास्तितीच्या तोंडातून एक आवाज निघाला. हसण्यासारखा होता, पण शेजारच्या घरात कुणी हसावं तसा तो तिला ऐकू आला. एवढंच झालं. तरी इबूनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि हातावरची माती सलवारीला लागली ती दोघींपैकी कुणी झटकली नाही.

*

दिवेलागणीच्या आधी वेनिंग आली, हातात रिकामी पेटी घेऊन. तिच्यासमोर लुराहबाईंनी दुसरी बशी संपवली, मग पाठ फिरवून शर्टात शिरल्या. वेनिंगनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि विचारलं की हा शर्ट कुणाचा.

"माझ्या मुलाचा," इबू म्हणाली. "ड्रायव्हर होता."

वेनिंग जावातलीच होती. ड्रायव्हरचा शर्ट आणि मांजर हे तिनं एकदा मनात जुळवून पाहिलं, अंगणातल्या खड्ड्याकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. जाताना पेटी तिथेच ठेवून गेली. मांजराला डॉक्टरकडे न्यायला लागेल म्हणाली.

खड्डा उघडा ठेवू नये म्हणून इबूनं तो लगेच बुजवायला घेतला. नास्तितीनं कुदळ धरली. सगळी माती आत ढकलून झाली तरी पेरूच्या बुंध्याशी एक लहानसा ढीग उरला.

"आत काही पुरलं नाही, मग ही कशी उरली?" इबूनं विचारलं.

"खणलं की माती फुगते, इबू. मध्ये हवा शिरते. पहिल्यासारखी बसत नाही."

"कधीच नाही?"

"पाऊस पडला की थोडी बसते. सगळी नाही."

इबूनं तो ढीग पायानं सारखा केला आणि हात धुवायला गेली. आतून तिनं विचारलं की सकाळी कपडे भिजवायचे आहेत, नास्तितीचं काही आहे का. सलवार आहे, नास्तिती म्हणाली. आणि तो? इबूनं विचारलं. तो राहू दे, नास्तिती म्हणाली. बरं, इबू म्हणाली.

स्वयंपाकघरात टोपलीतले मासे उरले होते. ते सकाळपर्यंत उघडे ठेवले तर फ्रिजभर वास सुटला असता. नास्तितीनं इकडे तिकडे पाहिलं, मग खोलीतून ती नमुन्यांची पिशवी आणली. ती अजून अर्धवट उघडीच होती. नाक लावायचं तिच्या मनात आलं, पण तोवर तिनं मासे आत सोडले होते. हवा काढून पट्टी दाबली. कारखान्यात लेबल कोरं ठेवलेलं चालत नाही. या पिशवीचं आजवर कोरं राहिलं होतं. तिनं पेन शोधून काढलं आणि लिहिलं: मासे, सोमवार.